मुक्ताला आणायला

९ नोव्हेंबर

मुक्ता आज घर सोडून गेली.

मी पोळ्या करत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आई, मी आंगनमध्ये राहायला जातेय. विराम घेतलाय मी." विराम म्हणजे काय, तर घरच्यांशी बोलायचं नाही, भेटायचं नाही, फोन घ्यायचा नाही. किती दिवस, ते सांगता येत नाही. मी तव्यावरची पोळी उलटली आणि म्हटलं, "आधी जेवून घे, मग बोलू." तिनं दाराबाहेरच्या ओटल्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधल्या आणि ऑटोत बसली. मी गेटपाशी पोचले तोवर ऑटो वळून गेला होता. पोळी जळली.

हे सोफ्यावर होते. "येईल चार दिवसांत," म्हणाले आणि बातम्यांचा आवाज वाढवला.

सव्वीस वर्षांची मुलगी. इंदूरला सॉफ्टवेअरमध्ये चांगली नोकरी होती. जुलैत साखरपुडा मोडून, नोकरी सोडून घरी आली आणि या आंगनवाल्यांच्या नादी लागली. ते स्थळ मीच शोधलं होतं. मुलात काही खोट नव्हती. ती नको म्हणाली तेव्हा मी तिला समजावलं, रोज समजावलं, जेवताना, फोनवर, ती आंघोळीला गेली तर दाराबाहेरून. आई म्हणून आणखी काय करायचं?

ही वही माझ्या मुलानं, श्रेयसनं, दिवाळीत पुण्याहून पाठवली होती. कुणाशी तरी बोलायला हवं म्हणून लिहायला बसले.

११ नोव्हेंबर

जाऊन आले. नानाखेड्याच्या बस स्टँडमागची कॉलनी. मला वाटलं होतं भगवा झेंडा, धूप, लाऊडस्पीकर. या गावात बाबांची काय कमी! तसलं काहीच नाही. पांढरं दुमजली घर, पुढे मोठं अंगण, अंगणात कडुनिंब. ना मूर्ती, ना फोटो, ना दानपेटी. त्यानं उलट मला जास्त राग आला. बोट ठेवायला जागाच नाही.

गेटवर एक मुलगी होती. म्हणाली, "मुक्ता नाम से तो यहाँ कोई नहीं है, आंटी. नीरा दीदी हैं, पर वो विराम में हैं."

"मैं उसकी माँ हूँ."

"जी," ती इतक्या गोड आवाजात म्हणाली की मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. "गुरुवार को खुली बैठक होती है. आप आइए. नीरा दीदी के लिए नहीं, अपने लिए आइए."

माझ्या मुक्ताचं नावसुद्धा बदललं यांनी. तिथून पोलीस ठाण्यात गेले. त्यांनी मुलीचं वय विचारलं आणि चहा पाजून परत पाठवलं. सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीनं गेली आहे.

संध्याकाळी जयूला टॉवर चौकात बोलावलं. आम्ही एकाच शाळेत शिकवलं, ती हिंदी आणि मी केमिस्ट्री. गराडूचे गरम तळलेले काप खाता खाता तिला माझा बेत सांगितला: गुरुवारी बैठकीत जायचं, त्यांच्यातलीच होऊन आतली माहिती काढायची आणि मुक्ताला घेऊन यायचं. जयू म्हणाली, "चारू, तू एकटी नको जाऊ. असे लोक मोठ्या मोठ्यांना गुंडाळतात."

मला हसू आलं. मी आयुष्यात कधी गंडा बांधला नाही की कुणा महाराजाच्या पाया पडले नाही. मला कोण गुंडाळणार?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बैठक म्हणजे अंगणात सतरंज्या टाकून गोल करून बसायचं. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, मानसुद्धा हलवायची नाही. त्याचं बोलून झालं की सगळे मिळून एकच शब्द म्हणतात, "सुना," म्हणजे ऐकलं. संपलं. मग पुढचा. साधी युक्ती आहे. एकटी पडलेली माणसं गोळा करा आणि त्यांच्याकडे बघत बसा. मी लगेच ओळखलं.

मुक्ता समोर बसली होती, पांढऱ्या कुर्त्यात. माझ्याकडे पाहिलं नाही.

माझी पाळी आली. मी ठरवूनच गेले होते की काहीतरी बनवून सांगायचं, म्हणजे त्यांचा विश्वास बसेल. म्हटलं, मैं बोलना शुरू करती हूँ तो घर में टीवी की आवाज़ बढ़ जाती है. म्हटलं, रिटायर झाल्यावर पहिल्याच सोमवारी मी साडी नेसून, पर्स घेऊन तयार झाले होते आणि घरात कुणी विचारलंसुद्धा नाही, कुठे निघालीस. असं बरंच बनवलं. बनवता बनवता बराच वेळ बोलले. कुणी घड्याळ पाहिलं नाही.

"सुना," सगळे म्हणाले.

परत येताना ऑटोत नाक वाहत होतं. थंडी पडायला लागलीय.

२० नोव्हेंबर

पुन्हा गेले. एकदा जाऊन माहिती निघत नसते.

आज मुक्तानं सतरंज्या घातल्या. माझी जागा कडुनिंबाच्या सावलीत होती. तिनंच तशी घातली असेल का?

यांना म्हटलं, बैठकीत आज बारा-पंधरा नवीन लोक होते, बँकेतला एक मॅनेजरही होता. हे म्हणाले, "अंगणवाडीत?" आणि स्वतःच्या विनोदावर हसले.

४ डिसेंबर, गुरुवार

आज जीजींना भेटले. आंगन त्यांनी सुरू केलंय. मला वाटलं होतं कुणी जटा वाढवलेली बाई असेल. पंचेचाळिशीची, छोटे केस, सुती साडी, पूर्वी म्हणे मोठ्या कंपन्यांत ट्रेनिंग द्यायच्या. मला घेऊन ओटल्यावर बसल्या. इतका वेळ माझ्याकडे पाहिलं की मला चष्मा पुसावा लागला.

"आप यहाँ नीरा के लिए आती हैं या अपने लिए?"

"नीरा के लिए," मी ठाम सांगितलं.

त्या हसल्या. "ठीक है. जब तक नीरा के लिए आती हैं, नीरा के लिए ही आइए."

बाई हुशार आहे. सावध राहायला हवं. नीरा मात्र आज बरी दिसली. गालांवर जरा रंग होता. इथे तिला कुणी टोकत नाही, हे एक आहे.

१९ डिसेंबर

श्रेयसचा फोन. "आई, काय झालं? आणतेयस ना तिला?" म्हटलं, अशा गोष्टी घाईनं होत नाहीत, मी रोज जाते, नीराशी अजून बोलणं होत नाही पण ती मला पाहते.

"नीरा कोण?"

लाईन खराब होती. मी फोन ठेवला.

रोज जाते कारण स्वयंपाकघराचं तिथे अगदीच गबाळं काम होतं. डाळीला फोडणी कधी, मीठ कधी, कुणाचा कुणाला पत्ता नाही. मी दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी हात धुऊन उभी राहिले. आता सगळे मला विचारून करतात. जीजी म्हणाल्या, "आपके आने से आंगन को रीढ़ मिल गई." रिटायर होताना शाळेनं शाल दिली होती. असं वाक्य कुणी बोललं नव्हतं.

जयू रागावलीय. तिच्याकडच्या मार्गशीर्षातल्या हळदीकुंकवाच्या तयारीला गेले नाही म्हणून. त्या बायका साड्यांवर बोलतात, मग साड्यांवर आणखी बोलतात.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळाचे लाडू आंगनमध्येच केले. तुषार मदतीला होता. तिशीचा असेल, देवासचा, वडील बँकेत होते. इथे सगळे हिंदीत बोलतात, हा माझ्याशी हळूच मराठीत बोलतो. इथे मला धरा हे नाव मिळालंय, धरा दीदी. तुषार चुकून काकू म्हणतो आणि जीभ चावतो. त्याला लहानपणापासून शुगर आहे, पोटात इन्सुलिन टोचून घेतो. त्याची पेनं फ्रिजच्या दारात असतात. लाडूला त्यानं हात लावला नाही, पण वळले मात्र सुरेख.

नीरा आणि तो सकाळी कडुनिंबाखाली झाडतात. दोघं बोलत नाहीत, पण केरसुण्या एका लयीत चालतात. मला आपलं उगाच वाटून गेलं.

हे संध्याकाळी फोनवर म्हणाले, "आज सण आहे. घरी कोण आहे?" मी म्हटलं, टीव्ही आहे ना.

फोन ठेवल्यावर वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. हलकं वाटलं. अस्वस्थ करणारं हलकं.

२७ जानेवारी

मी विराम घेतला.

सगळं स्पष्ट लिहून ठेवते. हा माझा निर्णय आहे. नीराच्या जवळ राहायचं तर दुसरा मार्ग नाही. बाहेरून येणारीला इथे अर्धंच दिसतं. यांना सांगितलं तर म्हणाले, "चारू, असं काय करतेस?" चाळीस वर्षांत पहिल्यांदा टीव्ही बंद करून म्हणाले. थोडा उशीर झाला.

दिवसा गेट माझ्याकडे असतं. किल्ली कमरेला. कुणाचे आईबाप येतात, रडतात, ओरडतात. मला त्यांची कीव येते. मी शांतपणे सांगते, गुरुवारी या, स्वतःसाठी या.

जीजी म्हणतात, लिहिणं म्हणजे कुणी ऐकू नये म्हणून बोलणं. वही टाकून द्यायला हवी. दुपारी सगळे झोपले की स्वयंपाकघरात बसून लिहिते. टाकेन.

२ फेब्रुवारी

जीजींनी सांगितलं, तुषारची ती पेनं फ्रिजच्या दारात नकोत. सारखी दिसत राहिली की मन आजारातच राहतं. शरीरही बोलतं, त्याचंही ऐकायला शिकलं पाहिजे. लागलं तर तो मागेल. मी पेनं मागे, भाजीच्या खणात, कोथिंबिरीच्या डब्यामागे ठेवली. तुषारनं विचारलं तेव्हा म्हटलं, जीजींना विचार. तो जीजींकडे गेला नाही. मला जरा टोचलं, मग वाटलं, त्याचा त्यानंच निर्णय घेतला ना? कुणी हात धरला नाही.

६ फेब्रुवारी

आज नीरा माझ्याशी बोलली.

कपडे वाळत घालत होते. ती चादरीच्या पलीकडे येऊन उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, "आई, तुषार बरा नाहीये. सारखं पाणी पितोय. त्याला दवाखान्यात न्यायला हवं. तू काही तरी कर ना." आई म्हणाली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा.

माझ्या हातातून चिमटे पडले. ते गोळा करेपर्यंत ती गेली.

मग मी विचार केला. विरामात असताना बोलणं म्हणजे तिची इतक्या दिवसांची मेहनत वाया. पुन्हा पहिल्यापासून. मी आईच्या मायेनं गप्प राहिले तर तिचं नुकसान मीच करणार. मी जीजींना सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. "यह आसान नहीं था, धरा. बेटी थी न?" मला भरून आलं.

नीराला वरच्या खोलीत एकांतात ठेवलंय. कडी बाहेरून असते, कुणी त्रास देऊ नये म्हणून. तिच्या भल्यासाठीच आहे. जिना चढताना तिनं मागे वळून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं की भिंतीकडे, कळलं नाही.

७ फेब्रुवारी

सकाळपासून कशात मन लागत नाही. पोहे खारट झाले.

तुषारला दोनदा उलटी झाली. त्याच्या उशाशी पाणी ठेवायला वाकले आणि त्याचा श्वास तोंडावर आला. गोडसर. पिकून उतरलेल्या फळासारखा.

हा वास मला माहीत आहे. बाटलीचं बूच काढून मुलींना दुरूनच हात हलवून हुंगायला सांगायची मी. ऍसिटोन. इन्सुलिन मिळालं नाही की शरीर चरबी जाळत सुटतं आणि रक्तात आम्ल साठतं, हे मी फळ्यावर लिहून शिकवलंय. मी स्वतःला सांगितलं, कुणी तरी नेलपॉलिश पुसलं असेल. आंगनमध्ये नेलपॉलिश कुणी लावत नाही.

जीजींकडे गेले. म्हटलं, हे धोक्याचं आहे, आत्ता न्यायला हवं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाल्या, "धरा, तुम फिर टीचर बन गईं. डर किसका है, उसका या तुम्हारा? जाओ, बैठो उसके पास. सुनो."

मी त्याच्याजवळ बसले. ऐकलं. श्वास खोल, भराभर, धावून आल्यासारखा.

पेनं भाजीच्या खणातून काढून त्याच्या उशाशी ठेवली. तो डोळे उघडून नुसता बघत राहिला. मला ती टोचता येत नाहीत, किती द्यायचं ते माहीत नाही.

दुपारी नीराचं ताट वर नेलं. ठेवून आले. कडी लावायची राहिली बहुतेक.

८ फेब्रुवारी



सकाळी सगळे वर गच्चीवर होते, सूर्यासमोर बसायची वेळ. मी गेटवर. मागून पावलं आली म्हणून वळले. मुक्ता. तुषारला तिनं खांद्यावर ओढून आणलं होतं, त्याची मान लटकत होती, पायात एकच चप्पल.

"आई, गेट उघड."

मी उभी.

"आई, त्याला शुद्ध नाहीये."

मी म्हटलं, "जीजींना विचारते." खरंच असं म्हटलं मी. ऐकून माझ्या मुलीचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. ती ओरडली नाही. तिनं तुषारला एका हातानं सावरलं, दुसऱ्या हातानं गेटची सळई धरली आणि हलवायला लागली. लोखंड वाजत राहिलं. मुक्ता लहान होती तेव्हा तापात असंच पाळण्याची दांडी धरून हलवायची.

किल्ली कुलुपात जाईना. मग गेली.

समोर बस स्टँडचे ऑटोवाले उभे होते. महाशिवरात्रीआधीच्या शिवनवरात्रीची गर्दी, कुणी महाकालाचं मंदिर सोडून दुसरीकडे यायला तयार नव्हतं. मुक्ता रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली तेव्हा एक थांबला. दोघांनी मिळून तुषारला आत घातलं. मी गेटमध्येच होते. तिनं मला बस म्हटलं नाही. मीही पाऊल बाहेर टाकलं नाही. गेट लावून घेतलं, कुलूप घातलं.

आत सगळ्यांना सांगितलं, किल्ली खुंटीवर होती, नीरानं घेतली असेल.

१० फेब्रुवारी

घरी आहे. जे झालं ते क्रमानं लिहिते.

काल जीजींनी वेगळी बैठक बोलावली. सगळे होते. जीजी म्हणाल्या, "धरा बताएगी, गेट कैसे खुला." काय सांगायचं ते आदल्या दिवशी ठरलं होतं: किल्ली नीरानं चोरली. माझंच वाक्य होतं, त्यांनी फक्त नीट करून दिलं होतं.

मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "मैंने खोला."

मी "सुना"ची वाट पाहिली. मग पुन्हा म्हणाले, मोठ्यानं, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जावं तसं. "मैंने खोला. और एक दिन पहले खोलना चाहिए था."

सगळ्यांच्या माना जीजींकडे वळल्या होत्या. इतके दिवस हे लोक माझं ऐकतात असं मी धरून चालले होते. ते जीजींचा चेहरा बघत होते, आता काय करायचं म्हणून. नेहमीच बघत असतील. मी माझ्या भरात असायचे.

मी उठले. कुणी अडवलं नाही, हेही लिहून ठेवायला हवं. जीजी एवढंच म्हणाल्या, "बाहर बहुत शोर है, धरा. लौट आओगी." किल्ली सतरंजीवर ठेवली. बस स्टँडवर ऑटोवाल्यानं विचारलं, कहाँ? मला घराचा पत्ता चटकन सांगता आला नाही.

तुषारला कुठे नेलं ते स्टँडवरच कळलं, म्हणून आधी हॉस्पिटलमध्ये गेले. तुषार आयसीयूत होता. वाचेल म्हणाले डॉक्टर, पण मूत्रपिंडांवर ताण आलाय, पाहावं लागेल. त्याचे वडील काचेला कपाळ टेकून उभे होते. मुक्ता बाकावर बसली होती. शेजारी हे. यांच्या हातात तिचा डबा होता, खिचडी, वरून करपल्याचा वास येत होता. स्वतः केली असणार.

मी म्हटलं, "मुक्ता."

"तू त्यांना सांगितलंस," ती म्हणाली.

"मी कडी काढून ठेवली होती. गेटही उघडलं मीच."

"हो. दोन्ही केलंस."

आणि उठून पाणी प्यायला गेली. मी तिच्या जागेवर बसले. बाक अजून गरम होता. यांनी डबा माझ्याकडे सरकवला. मी खिचडी खाल्ली. एवढी भूक लागलेली मला कळलीच नव्हती.

१४ फेब्रुवारी

तुषार शुद्धीवर आहे. त्याच्या वडिलांनी तक्रार केली. पोलिसांनी मला बोलावलं. फ्रिजमधल्या पेनांचं विचारलं. मी सांगितलं, मी हलवली. साहेबानं लिहिता लिहिता मान वर केली. "आप तो टीचर थीं न, मैडम?"

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आंगनला कुलूप आहे म्हणतात. जीजी कुठे गेल्या कुणाला माहीत नाही. मुक्ता इंदूरला मैत्रिणीकडे गेली, माझा फोन घेत नाही. यांच्याशी बोलते. मी स्वयंपाकघरातून यांचं "हं, हं" ऐकते आणि पलीकडचं जुळवत बसते.

चार वाजता उठून साडी बदलली. पर्स घेतली. दाराशी आल्यावर आठवेना कुठे जायचं होतं. हे म्हणाले, "कुठे निघालीस?" मी म्हटलं, भाजी आणायला. भाजी काल आणली होती. "चल, मीही येतो," म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले. ती शोधण्यातच पाच वाजले. चप्पल सापडेना म्हणून मी ओरडले, ते ओरडले, आणि मग आम्ही गेलोच नाही.

संध्याकाळी आंगनमधल्या एकीचा फोन आला. "धरा दीदी, हम कुछ लोग मेरे यहाँ बैठते हैं. आप आ जाओ." मी नाही म्हणाले. पण लगेच नाही म्हणाले. तिच्या आवाजामागे कुणी तरी बोलत होतं आणि बाकी सगळे शांत होते. ती शांतता ऐकत थोडा वेळ फोन कानाला धरून बसले.

जयू रोज येते. काही विचारत नाही. साड्यांवर बोलते.

२२ मार्च, रविवार

मुक्ता आली होती. यांना फोनवर म्हणाली होती, "जेवायला येते. राहायला नाही."

केस अगदी बारीक कापलेत. मला पहिलं तेच सुचलं आणि ते मी गिळलं. दालबाफले केले होते, वरण आणि तुपात बुडवलेले कणकेचे गोळे. ती स्वयंपाकघरातच जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी, भिंतीला पाठ लावून. तुषार देवासला घरी आहे, डायलिसिस थांबलंय, काल दोन मजले चढला म्हणाली. त्याच्याशी ती रोज बोलते. त्याबद्दल माझ्या मनात लगेच चार प्रश्न उभे राहिले. बाफला कुस्करत राहिले.

मग ती त्या वरच्या खोलीचं सांगायला लागली. कडी लागल्यावर पहिल्यांदा काय वाटलं, खिडकीतून फक्त पाण्याची टाकी दिसायची, टाकीवर कबुतरं यायची. तिथून ती मागे गेली, इंदूरच्या नोकरीवर, तिथल्या खोलीवर. मग त्या मुलावर, साखरपुड्याआधी तो गाडीत काय बोलला होता त्यावर. हे मला माहीत नव्हतं. मी म्हणणार होते, तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस? ओठांपर्यंत आलं होतं. मग आठवलं, ती सांगायला यायची तेव्हा मी समजावत असायचे. हातातल्या डावाची दांडी इतकी घट्ट धरली की बोटांवर वळ उठला.

एकदा ती थांबली. म्हणाली, "तू काहीच का बोलत नाहीयेस?"

"बोल तू."

तिनं संशयानं पाहिलं माझ्याकडे. बरोबरच आहे. पण बोलायला लागली पुन्हा. वरण गार झालं, त्यावर साय धरली. हे दारात येऊन उभे राहिले, मग तिथेच स्टूल ओढून बसले.

पाचच्या बसनं जायचं होतं. मी नानाखेड्यापर्यंत सोडायला गेले. ऑटोत ती बोलतच होती, रस्ता सगळा खोदून ठेवलाय, धक्क्यांनी वाक्यं तुटत होती. बस लागलेली होती. ती चढली, खिडकीशी बसली, काच सरकवून पुन्हा सांगायला लागली, तो मुलगा गाडीतून उतरल्यावर तिनं कुणाला फोन केला होता ते. "मी तुला केला होता, आई. तू म्हणालीस..." आणि ड्रायव्हरनं गाडी काढली.

मी काय म्हणाले होते? मला आठवत नाही. बस निघून गेल्यावरही तिथेच उभी होते. डाव्या हाताला ती कॉलनी, चालत दोन मिनिटं. पाय तिकडे वळले, खोटं कशाला लिहू. कोपऱ्यावरच्या पानाच्या दुकानापर्यंत गेले. कडुनिंबाचा शेंडा दिसत होता. तिथून उलट्या बाजूचा ऑटो केला.

घरी आल्यापासून बसवत नाही, उठवत नाही. मी काय म्हणाले असेन ते मुक्तालाच माहीत. तिचं सांगून व्हायचंय.